चार खाचांचा

ऐन लगनसराईत, अकरा पत्रिका पोटात घेऊन
दुकानातला कॉम्प्युटर विझला.
उघडला तर बोर्डावर वाळलेली पाल,
शेपूट एका कपॅसिटरभोवती.
ऊब शोधत आली असेल डिसेंबरात,
आणि मी तिच्या डोक्यावर बसून
चि. आणि चि.सौ.कां. जुळवत होतो.

फोनवर म्हणालो, "वसीभाई, मदर गेली."
बाकावर प्रूफ वाचत बसलेले दुधाटेमामा
उठलेच. टोपी काढून हातात घेतली.
"कधी गेल्या?"
रात्रीच.
"काय झालं होतं?"
व्होल्टेज वाढलं.
"म्हंजे प्रेशरच की. आमच्या थोरल्या वहिनीचंबी असंच झालं."
मग खरं सांगायचं जिवावर आलं.
त्यांच्या पत्रिकेचे मी शंभर कमी लावले.

जवळ एकतीस हजार.
कॅबिनेट जुनंच, मॉनिटर जुना,
कीबोर्डवरचा ळ पुसलेला, बोटाला ठाऊक आहे.
प्रोसेसर ठरला. अडलं ते बोर्डावर.

वसीभाईनं काउंटरवर दोन खोकी ठेवली.
"ये एचवाला, बासष्टसौ. ये बीवाला, दस हजार चारसौ."
एचवाल्यात रॅमच्या दोनच खाचा,
वीज वाटणारे तुकडे उघडे, वर काही नाही,
आणि परभणीत मे महिन्यात
पंख्याची हवासुद्धा चावते.
बीवाल्यात चार खाचा, ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे,
शिवाय ग्राफिक्स कार्डाला लांबलचक जागा,
जे कार्ड मी कधी घेणार कोण जाणे.
"पत्रिकाच छापते ना तुम?
एचवाले में उमर निकल जाती."

वाईट अर्थानं म्हणाला नव्हता तो.

गंगाखेड रोडला आमच्या स्लॅबवर
सहा कॉलमच्या सळया वर काढून ठेवल्यात,
चौदा वर्षं झाली,
दुसऱ्या मजल्यासाठी.
गंजू नयेत म्हणून टोकांवर बाटल्या पालथ्या घातल्या,
गंज खालून चढला.
दोन सळयांना कपड्यांची दोरी आहे.

बाहेर जाऊन चहा घेतला.
खिशातल्या कागदावर एसएसडी अर्धी केली,
सोळाची रॅम आठवर आणली,
युपीएसवर काट मारली,
आणि काट पुन्हा खोडली:
पालीनं नव्हतं मारलं, विजेनं मारलं होतं.
"बीवाला द्या."
वसीभाईनं एकदा बघितलं,
तीनशे कमी केले, बोलला काही नाही.

रात्री शटर अर्धं ओढून चादरीवर मांडी घातली.
मनकर्णानं मोबाईलचा टॉर्च धरला.
प्रोसेसर ठेवताना दोघांनी श्वास धरला,
हजाराच्या वर पिना,
एक वाकली की दहा हजार पाण्यात.
रॅम खट्‌कन बसली.
"एक भरली. ह्या तीन कशाला ठेवल्यास?"
"वरच्या मजल्याला."
ती हसली, हात हलला,
उजेड भिंतीवरनं फिरून परत आला.

बटण दाबलं. पंखा फिरायला लागला, पडदा काळाच.
दहा मिनिटं आम्ही
दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसल्यासारखे.
मग मनकर्णालाच दिसली मॉनिटरची ढिली वायर.

पडद्यावर तारीख आली, चार वर्षं मागची.
ती सरळ केली. जुनी हार्डडिस्क जोडली.
अकराच्या अकरा पत्रिका जागच्या जागी.
दुधाटेमामांची उघडली.
निमंत्रकांमध्ये तिसरं नाव,
सौ. गयाबाई.
प्रूफ दोनदा वाचून
त्यांनाही दिसलं नव्हतं.
मी सौ. खोडलं, कै. टाकलं,
आणि सेव्ह केलं.