फक्त एकच पायरी

फोनवरचा माणूस म्हणतो, हो हो, सोय आहे,
खुर्ची अगदी पाण्यापर्यंत जाते.
मी विचारतो, पायरी?
तो जरा थांबतो. मग म्हणतो,
एकच आहे. फक्त एकच.

मी वहीत फुली मारतो.
एप्रिलपासून अशा अकरा फुल्या झाल्या.
फिनलंडच्या या कोपऱ्यात तळी कोणी मोजत नाही,
मी मात्र काठ मोजत हिंडतो,
बर्फ अजून मधोमध काळा पडून तरंगत होता तेव्हापासून,
दर रविवारी, एकटा,
मोजपट्टी, पाणसळ आणि थर्मासात कॉफी घेऊन.
दाराची रुंदी बघतो. खडीत टाच रोवून बघतो.
हातभर चढाला बारा हात लांबी,
हे आता मला झोपेतही सांगता येईल.
मग उकिडवा बसतो, औनेच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो,
आणि दिसतं काय, तर कठडा.
बसलेला माणूस पाण्यात पडू नये म्हणून
उभ्या माणसांनी बांधलेला,
पाणीच दिसू नये इतका पक्का.

औने माझी थोरली बहीण.
गळाला गांडूळ कसं ओवायचं ते तिनं शिकवलं,
माझी बोटं थरथरत होती आणि ती हसली नव्हती.
चोवीस वर्षं ओंडक्यांच्या क्रेनवर बसली,
आता या खुर्चीत बसते. म्हणते,
तेव्हाही बसूनच काम होतं, फक्त उंची गेली.
एक मात्र तिनं पहिल्याच दिवशी बजावलं:
उचलायचं नाही. उचलतात ते सामान.
म्हणून शेजारच्या वैनोचे दोन दणकट मुलगे
माझ्या यादीत नाहीत.

जूनमध्ये शेवटी सापडला एक धक्का.
कोरा करकरीत, निळी पाटी, बेताचा उतार,
काठाला आडवी फळी, चाक अडावं म्हणून,
शौचालयाचं दार चांगलं ऐसपैस.
मी गड जिंकल्यासारखा उभा.
औनेनं गळ टाकला. पुन्हा टाकला.
दीड तास डास आमच्यावर जेवले.
मग ती म्हणाली, कालेर्वो,
एवढं सगळं मोजलंस,
पाणी मोजलंस?

गुडघाभर होतं.
खाली स्वच्छ वाळू, गवताचं एक पातं नाही.
मासा कशाला येईल इथं, ती म्हणाली,
त्याला काय शौचालय बघायचंय?

समोरच्या काठाकडे तिनं दांडी रोखली.
ओंडके पाण्यात सोडायची जुनी घसरण,
गिरणी बंद पडली तेव्हापासून तशीच,
काँक्रीट, वर शेवाळ, आणि पुढे एकदम खोल.
मी म्हटलं, तो उतार फार आहे.
माहीत आहे.
ती लाकडांसाठी बांधलीय, औने.
माझ्यासाठी बांधलेलं बघितलं की आत्ताच.

गाडीच्या आकड्याला दोर,
दुसरं टोक खुर्चीच्या सांगाड्याला, दोन जागी,
कमरेला रुंद पट्टा. गाठी तिनं मारल्या,
मी हात लावला की ओरडायची.
मी दोर सोडत गेलो वीतवीत,
ती सांगत गेली, अजून. अजून. थांब.
पुढची लहान चाकं पाण्यात होती.

रात्रीचे साडेदहा,
आणि सूर्य झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळलेला,
घरी चल म्हणणारं कोणी नसलेल्या पोरासारखा.
माझ्या हातात माझा दोर, तिच्या हातात तिचा.
तिकडे काही ओढलं की
इकडे माझ्या तळहाताला कळायचं,
तिनं हाक मारायच्या आधी.

गाडी सुरू करणार तेवढ्यात म्हणाली, वही काढ.
मी लिहिलं:
उतार जास्त. दोर आठ मीटर. शेवाळासाठी ब्रश आणणे.
शौचालय नाही, कॉफी कमी पिणे.
पायरी नाही.
पर्च तीन.

सुटला तो लिही.
सुटलेला एक.
मोठा होता, लिही.
मी म्हटलं, तो मोजला कुठे आपण?

मी मोजला, औने म्हणाली,
आणि ओल्या पायांवर घोंगडी ओढून घेतली.