मागची बाजू

दुसान्यांची चित्रं मी समोरून फारशी पाहिली नाहीत.
माझ्याकडे ती पालथीच यायची,
तोंड टेबलाला, पाठ माझ्याकडे,
रविवार कारंजावरच्या आमच्या बोळकांडी दुकानात,
जिथं देव, नवरानवरी आणि वारलेली माणसं
एकाच डबीतल्या खिळ्यांनी चौकटीत बसतात.

पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं.
चित्राचं नाव नव्हे, हिशोब.
‘गया. तीन तास. रुपया दिला, बारा आणे बाकी.’
‘हलीमा आली नाही. आठवणीतून.’
‘गया. अंगात ताप. तरी बसली.’
‘शालिनी. नुसती मान. पैसे घेतले नाहीत, रागावलीय.’
शालिनी म्हणजे त्यांची बायको.
शाळेतल्या पगारावर घर तिचं,
भिंती त्यांच्या.

परवा दिल्लीहून एक मुलगा आला,
केसांचा बुचडा, हातात वही.
“त्यांची प्रेरणा कोण होती, काका?”
म्हटलं, कुठली विचारतोस, रोखीची की उधारीची?
हसला नाही. लिहून घेतलं.

त्याच्या जाड पुस्तकात निळ्या रंगावर अकरा पानं आहेत.
विषाद आहे, डोह आहे, कृष्णसुद्धा आहे.
अरे बाबा,
त्या वर्षी रंगवाल्यानं उधार बंद केलं होतं.
गया परटीण टाळकुटेश्वराच्या खाली गंगेवर धुणं आपटायची,
पदराच्या गाठीत निळीची पुडी.
म्हणाली, “पांढऱ्याला चालते, मग तुमच्याला का नाही?”
त्यांनी ती जवसाच्या तेलात खलली.
एवढंच.
मनगटापर्यंत तिचे हात निळे होते,
त्यांनी होते तसे काढले,
आणि लोक म्हणाले, काय ही कल्पनाशक्ती!

मग पूर आला.
दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडाला तेव्हा
दुसान्यांनी खोलीतून सहा चित्रं डोक्यावर काढली,
शालिनीबाईंचं शिवणयंत्र राहिलं आत.
महिनाभर बाई बोलल्या नाहीत.
यंत्र गाळातून निघालं, तेल घातलं, चालू लागलं.
सहांतली दोन चित्रं मात्र
साल निघावी तशी सोलून निघाली.
हे काही त्या पुस्तकात नाही.
असावं असंही नाही म्हणा.

ते गेल्यावर किमती वाढल्या.
पेपरात आकडा आला, शून्यं मोजताना माझी बोटं संपली.
त्यानंतर कधीतरी, भर दुपारी,
एक वाकलेली बाई पायरी चढली,
हातात चिवड्याच्या पुडीचा तेलकट कागद, अर्धा फाटलेला.
“ही मीच ना?”
मी चष्मा पुसला. कागदावर हात होते फक्त, निळे.
चेहरा चिवड्याबरोबर कुणीतरी फेकला होता.
“हो, गयाबाई.”
“मग फ्रेम कर.”

बोलू नये ते बोललो.
म्हटलं, त्यांच्याकडे तुमचे बारा आणे राहिलेत,
पाठीवर लिहिलंय, मीच वाचलंय.
बाई काच पारखावी तसं बघत राहिली माझ्याकडे.
“दिले होते की.
पुढच्याच बुधवारी, बाजारात, गवारीच्या ढिगापाशी.
खोडायचं राहिलं असेल त्यांचं.
रंगाचे हात असायचे ना.”

खरं असेल. नसेलही.
कुठल्याशा गार खोलीत, दिव्याच्या गोल उजेडात
ते देणं भिंतीकडे तोंड करून टांगलंय,
त्यावर खळीनं चिकटवलेला माझा खाकी कागद.

मुलगा म्हणतो, पाठी उघडून फोटो काढू या.
काढ. पण खिळे माझ्या हातचे आहेत, सावकाश काढ.
आणि आधी शालिनीबाईंना विचार.
ब्याण्णवच्या आहेत, कमी ऐकू येतं,
सकाळी दहानंतर जाऊ नकोस,
त्या वेळी त्या शिवत असतात.