रुमालाखाली

मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला
आप्पांचा हात रुमालाखाली जायचा.
वर गप्पा: बेडगेच्या पाहुण्यांचं जमलं का, दाढ दुखायची थांबली का.
खाली बोटं भाव बोलायची.
चार बोटं, मधलं पेर, एक दाब.
खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्यालाही
दिसायचं ते हलणारं कापड.

मी विश्रामबागेत अकरावीला गणित शिकवते.
परवा मूळ संख्या चालल्या होत्या,
शेवटच्या बाकावरून नौशाद शिकलगारनं विचारलं,
“मॅडम, आपले मेसेज सरकार फोडू शकतं का?”
वर्ग हसला.
त्याचे अब्बा गणपती पेठेत किल्ल्या बनवतात.

म्हटलं, दोन अगडबंब मूळ संख्या गुणायला पळभर पुरतं.
पण नुसता गुणाकार हाती देऊन
कुणाला विचारलं, सांग कुठल्या दोन,
तर त्याची नातवंडं म्हातारी होतील मांडता मांडता.
निदान आज तरी.
हे अवघड आहे असं आपण धरून चालतो,
सिद्ध अजून कुणी केलेलं नाही.
(हे मी जरा हळू बोलले.)

मग उगाच हरिपूरचं पेव आठवलं.
तोंड मातीनं लिंपलेलं, वर आप्पांची खूण.
पाच सालच्या पुरात त्या तोंडाला धक्का लागला नाही,
पाणी तळातून आलं.

आणि दिवाणजी आठवले, भूपाल उपाध्ये.
एकदा जीप आली होती खऱ्या भावाच्या चौकशीला.
साहेबानं रुमालाला हातसुद्धा लावला नाही.
दिवाणजींना नेलं, चहा पाजला,
मुलीच्या नोकरीचं विचारलं.
गणित फुटत नाही रे,
पेव फुटतं, माणूस फुटतो.
आप्पा त्यांना पुढेही दिवाळीला फराळ पाठवत राहिले.

“म्हणजे नाही फोडू शकत?” नौशाद.
मी खडू ठेवला.
तोच म्हणाला, “अब्बांकडे कुलूप फोडायला कोण येत नाही मॅडम.
दुसरी किल्ली मागायला येतात.
म्हणतात, आमच्याजवळच राहील.”
“मग देतात अब्बा?”
“घर कुणाचं ते विचारतात,” म्हणाला,
आणि घंटा झाली.

रुमाल माझ्या कपाटात आहे.
धुतलेला नाही.
एका कोपऱ्यात अंगठ्याएवढा डाग
बाकीच्या पिवळ्याहून गडद आहे.
कुठल्या सालचा, कुठला भाव तो,
मला लागत नाही.