मिसिंग

मानवत नगरपालिकेचा बंब : बेडफर्ड, पेट्रोलवाला, सहा सिलिंडर,
माझ्या बापाहून जुना.
लाल म्हणायचा म्हणून लाल.
लिंबाजी ड्रायव्हरने तो पाथरी रस्त्याला
मैनोद्दीन उस्तादच्या लिंबाखाली आणला
अन् इंजिन चालूच ठेवून खाली उतरला.
"मिसिंग मारायली बगा. परवा जिनिंगला पोचलो तवर
रुईच्या गंजीची राख झाल्ती."

मी तेव्हा सतरा वर्षांचा, कान तिखट.
बॉनेट उघडलं की सगळं ऐकू यायचं :
एक-पाच-तीन-सहा-दोन-चार,
एक-पाच-तीन—
अन् मध्येच खड्डा.
अंधारात पायरी समजून पाय टाकावा
आणि पायरीच नसावी, तसा.

प्लग बदलले. पॉइंट घासले.
कंडेन्सर नवा, कॉइल नवी.
एकेक वायर ओढून पाहिली.
मेलेल्या सिलिंडरची वायर काढली
तर इंजिनाला फरक पडत नाही, हे मला पाठ होतं.
इथे सहाही वायरींना फरक पडत होता
आणि खड्डा जागा सोडून पळत होता,
आता तिसऱ्यात, आता चौथ्यात,
मास्तर वळले की दुसऱ्याच बाकावरून
शीळ घालणाऱ्या पोरासारखा.

उस्ताद खाटेवर बसून बघत होते.
त्यांचे कान कधीच गेलेले,
सायलेन्सर फुटलेल्या गाड्यांनी खाल्लेले.
गिऱ्हाईक ओरडून सांगायचं, ते हसायचे,
मग मी हातवारे करून समजावायचो.
खरं सांगतो, मला वाटायचं
हे दुकान आता माझ्याच जिवावर चाललंय.

ते उठले. गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा
तळहात इंजिनावर ठेवला.
बंद कर, म्हणाले, बोटानेच.
डेल्कोची टोपी काढली.
रोटर चिमटीत धरून
जुन्या घड्याळाची चावी फिरवावी तसा
इकडे फिरवला, तिकडे फिरवला.
पुन्हा इकडे.
मग माझं बोट धरून तिथे नेलं.
"सुन नक्को. पकड."

रोटर हलला.
हलायला हवा त्याच्या तिप्पट हलला
आणि खाली, अंधारात,
कुणीतरी उशिरा 'हो' म्हणालं.

डेल्को उपसून वर काढला.
टोकाला पितळी गरारी.
दात एका बाजूने खाल्लेले,
तीन सुग्या बघितलेल्या विळ्यासारखे.
कॅमशाफ्ट वेळेवर सांगत होता,
गरारीपर्यंत सांगावा डुलत डुलत पोचत होता,
ठिणगी पडत होती कधी आधी, कधी मागून.
मिसिंग नव्हतंच ते.
सगळे बोलत होते, फक्त आपल्या पाळीला नाही.

उस्तादनी ऑइलची काठी ओढली
अन् माझ्यापुढे धरली.
काळ्या तेलात पितळेची चमकी,
पोरींच्या ओढणीवर असते तशी, बारीक.

आठ दिवसांपूर्वी हीच काठी मी काढली होती.
चिंधीने पुसली होती.
लिंबाजीला सांगितलं होतं, ऑइल एकदम ओके.

"कामून झालं हे?" लिंबाजीने विचारलं.
उस्तादनी दोन्ही पंजे एकमेकांत गुंतवले
आणि हळूच सैल केले.
त्याला तेवढ्यानं समजलं.
मला सांगायचं होतं त्याला मात्र खूण सापडेना,
अन् तोंडाने बोललो असतो
तर ऐकलं असतं लिंबाजीने.

नांदेडच्या भंगारातून गरारी आली, एसटीने, चौथ्या दिवशी.
बसवली. टायमिंगचा दिवा लावला :
पुलीवरची खूण आधी नाचायची,
आता भिंतीवरल्या पालीसारखी एका जागी.
एक-पाच-तीन-सहा-दोन-चार.
एक-पाच-तीन-सहा-दोन-चार.

लिंबाजी घंटा बडवत गेला, उगीच, खुशीत.
उस्तादना ती ऐकू गेली नाही,
त्यांनी धुळीकडे बघून हात हलवला.
मी काठी पुसायची ती चिंधी
उन्हात धरून उभा होतो,
या बाजूने, त्या बाजूने.