शीग

करार बावीस दिवसांचा होता.
अलाओट्रा तळ्याकाठची चौदा गावं, सहाशे चुली
आणि अठ्ठावीस पानांची प्रश्नावली,
जिच्या अकराव्या पानावर विचारायचं होतं:
गेल्या सात दिवसांत घरात तांदूळ किती शिजला?

किलो तिथं कुणी खात नाही.
खातात ते कापुआका,
म्हणजे आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा.
दूध कुणी प्यायलं, कधी, ते डब्यालाही आठवत नसेल.
माझ्या तक्त्यात त्याच्यासमोर लिहिलेलं होतं
दोनशे शहाऐंशी ग्रॅम.
राजधानीतल्या कचेरीत एका दुपारी कुणी मोजलं असणार,
मग सगळे उतरवून घेत गेले. मीही.

झाफिसुआच्या अंगणात मामिसुआ प्रश्न वाचत होता.
मी मागे, बुटक्या स्टुलावर,
खरपूड लागलेल्या भांड्यात उकळलेलं
तांबूस पाणी पीत.
"सात दिवसांत किती?"
"एकवीस. पण कुठला डबा लिहितोयस, पोरा?"

त्यानं पान उलटून पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

"दुकानदार देतो तो सपाट,
वरून तळहात फिरवून, नखाखालचा दाणाही परत घेऊन.
पाहुण्यासाठी शिजतो तो टेकडीएवढा.
आणि पेरणीच्या तोंडाशी जावेकडून उसना आणते
तो सपाट आणते,
फेडताना शीग लावून फेडते."

मी पेन उचललं. "म्हणजे व्याज."
तो शब्द तिच्या भाषेत न्यायला
मामिसुआला बराच वेळ लागला.
ती हसली, मग हसायची थांबली.
"व्याज बाजारातला घेतो. ही नुसती शीग.
माणसाला त्याचं माप त्याच्याच काठाशी आणून कसं द्यायचं?"

रात्री अंबातोंद्राझाकाच्या लॉजवर,
जनरेटर चालू होता तोवर,
मी शीग दहादा वजनकाट्यावर चढवली:
चाळीस, एक्केचाळीस, पुन्हा चाळीस,
एकदा अडतीस (पंख्याचा वारा लागला असेल).
दोन महिन्यांना चौदा टक्के. वर्षाला चौऱ्याऐंशी.
आकडा लिहिला, खोडला,
शेजारी "जाऊ" असं लिहिलं
आणि त्याला कुठला रकाना द्यायचा ते सुचेना.

मग दुसरं गणित, जे करायला नको होतं:
सगळे डबे शिगेचे धरले
तर शंभरातली नऊ घरं
एक दाणाही जास्त न खाता
त्याच रात्रीत दारिद्र्यरेषेच्या वर येत होती.
वर आलेल्यांत झाफिसुआ होती.
ती तेव्हा झोपली असेल. तिला कुणी उठवलं नाही.

अहवालात मी हे सदतिसाव्या तळटीपेत घातलं.
मुख्य कचेरीतून उत्तर आलं:
फार वेधक. मात्र तळटीपच राहू द्यावी.
मंत्रालयाला एक आकडा हवा होता,
तळहात फिरवलेला.

पण मला सांगायचंय ते आदल्या दिवसाचं.
मी निरोप घ्यायला गेले तेव्हा ती म्हणाली,
तुझा डबा दाखव.
माझा नवा होता, पिशवीतून काढला,
कडेला कागदाचा निळा तुकडा अजून चिकटलेला.
तिनं आत डोकावलंही नाही.
उलटा केला आणि बुडावरून अंगठा फिरवला,
सावकाश, गोल,
बाजारात जसा प्रत्येकीचा अंगठा फिरतो,
कारण तिथले डबे खालून आत ठोकलेले असतात.

"ठीक आहे," म्हणाली आणि परत दिला.

त्यानंतर कितीतरी देश झाले, कितीतरी तक्ते.
दरडोई काही, सरासरी काही, दशांश चिन्हापुढे दोन घरं.
कुणी आकडा पुढे सरकवला की
टेबलाखाली माझा अंगठा हलतो.