दहा मिनिटं

खानापुरात तहसील कचेरीसमोर माझं डीटीपीचं दुकान,
आणि दुकानात बँकेच्या लिलावातून आणलेला काळा डेल.
अंगावर अजून बँकेनं रंगवलेला नंबर, सतरा बटा चाळीस.
मी तो कधी खरवडला नाही.
आडनाव म्हणून राहू दिला.

अलीकडं दमायचा.
कन्नड आणि मराठी एका पत्रिकेत आली
की पानावरचा गणपती अर्ध्यात थांबायचा,
सोंड आलेली, पोट यायचं असायचं.
गिऱ्हाईक विचारायचं, उद्या येऊ काय?

नवा घे, सगळे म्हणाले.
गुरुसिद्ध म्हणाला, नको अक्का, मेंदू तेवढा बदलू.
पुण्याच्या जुन्या बाजारातून सातशे रुपयांत आला मेंदू,
कुरिअरनं, साबणाच्या खोक्यात,
दोनाच्या जागी चार कोअरचा.

झाकण उघडलं. खाली बँकेची धूळ, वर माझी.
पंख्यावर हिरवं नरसाळं, कंपनीचंच,
दुसऱ्या कुणाचं तिथं बसत नाही.
"जातीतच सोयरीक," गुरुसिद्ध हसला.
जुन्या चिपवरची पेस्ट
चंचीतल्या चुन्यासारखी वाळलेली.
ती पुसली, चिप उचलली, तर खाली
सातशेपंच्याहत्तर सोनेरी टोकं,
सगळी एकाच बाजूला कललेली,
वाऱ्यातल्या भातासारखी.
शिंकू नका म्हणजे झालं, तो म्हणाला.
नवी ठेवली. तुरीच्या डाळीएवढी पेस्ट. पंखा. स्क्रू.
बटण.

पिवळा दिवा.
शेजारी एक आणि तीन. पडदा कोरा.
पंखा तेवढा गरागरा.

"ओळखंना झालाय," गुरुसिद्ध म्हणाला.
"चिप चांगली हाय. बोर्डाच्या यादीत हिचं नाव न्हाई.
बायोसची नवी यादी घालाय पाहिजे,
आणि ती घालाय जुनाच मेंदू परत बसवाय पाहिजे."

यादीत नाव नाही.
समोरच्या पायरीवर रोज ऐकते मी हे, दोन भाषांत.
तिथंही आधी जुना कागद आणा म्हणतात.

परत जुनी चिप. परत डाळीएवढी पेस्ट.
पेनड्राईव्ह लावला, तशी पडद्यावर इंग्रजीत ताकीद:
काम संपेपर्यंत वीज जाता कामा नये.
गेली तर बोर्ड मेला.

आम्ही दोघांनी वर बल्बकडं बघितलं.
यूपीएसची बॅटरी गौरीपासून फुगलेली.
अकराला पाच कमी,
आणि अकराला रोज जाते.

हेस्कॉमच्या मष्णू घाडींना फोन लावला.
"मामा, दहा मिनिटं लाईट घालवू नका."
"का गं, काय करूलालीस?"
"तुमच्याच पुतणीची पत्रिका अडकलीय."
पलीकडं कुणीतरी खुर्ची ओढली.
"चहा पितो मी," मामा म्हणाले. "सावकाश पितो."

बारा टक्के. एकतीस.
एकतीस.
एकतीस.
"स्वल्प ताळ री," गुरुसिद्ध पुटपुटला,
मला की बोर्डाला, कळलं नाही.
भिंतीवरचं घड्याळ अकरावर आलं, पुढं गेलं.
मग आकडे असे धावले की वाचताच येईनात.

पुन्हा सगळं काढलं, पुन्हा सगळं घातलं.
हिरवा दिवा.
मशीनला तारीख मात्र आठवत नव्हती,
एक जानेवारी दोन हजार नऊ म्हणत होतं.
तारीख मी बदलली.
जिल्ह्याचं नाव फाईलीत होतं तसंच ठेवलं.

गणपती आला, पोटासकट, एका दमात.
खाली कन्नड, त्याखाली मराठी,
आणि प्रिंटरनं पहिली पत्रिका बाहेर ढकलली.
जुनी चिप काडेपेटीत ठेवताना
बोटांना कोमट लागली.

अकराची लाईट आज अकरा बत्तीसला गेली.
मामांचा चहा संपला असणार.