तिसरी बरणी

म्वांझाच्या धक्क्यावर न्यांझोबे टोपली उपडी करते:
लाल मासे, निळे, आणि अलीकडे बरेच
राखाडी.
"सगळे फुरूच," ती म्हणते, "तळले की एक."

मी काटे मोजतो, दात मोजतो.
दोन बरण्यांवर नावं आहेत,
तिसरी आठवडाभर कोरी.

पूर्वी सरोवर नितळ होतं.
मादीला लाल दिसे, निळा दिसे;
ती ज्याच्याकडे वळे, तिथून एक वंश चाले.
मग काठावर शेतं आली, शहर आलं,
पाणी गढूळलं
आणि कोण कुणाचं, ते कुणी विचारेना.

म्हणजे सीमा रक्तात नव्हतीच?
उजेडात होती?
की तिच्या डोळ्यांत, उजेड असेतो?

आमच्याकडे म्हणतात, जात नाही ती जात.
इथे तर गेली. थोड्या पावसाळ्यांत,
न भांडता.
वाईट वाटायला हवं, वाटतंही:
दोन रंग विरले.
तरी माझं आडनाव ऐकून
पाणी द्यायचं विसरलेली घरं आठवतात
आणि मी कोऱ्या बरणीकडे
जरा जास्तच वेळ बघत राहतो.

न्यांझोबेला घाई आहे. "कुठले हवेत?"
"राखाडी," मी म्हणतो. "चार."